माती उकरणारा चित्रकार

कॅरिबियन बेटांच्या इतिहासाच्या पुस्तकांत अरावाक लोक बहुधा पहिल्या प्रकरणात येतात आणि तिथेच संपतात. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा किनाऱ्यावर त्याला भेटले ते अरावाक भाषाकुळातले ताइनो लोक. पुढच्या काही दशकांत रोगराई, वेठबिगारी आणि तलवार यांनी बेटांवरची त्यांची वस्ती जवळजवळ पुसून टाकली. जमैकाच्या राजचिन्हावर १६६१ पासून एक ताइनो पुरुष आणि एक ताइनो स्त्री उभी आहे. दुसऱ्या प्रकरणापासून मात्र पुस्तक गुलामांच्या, उसाच्या आणि साहेबाच्या मागे जातं. अरावाक ‘होते’ एवढंच वाचकाच्या लक्षात राहतं.

जॉर्ज सायमन यांनी आयुष्यभर या ‘होते’शी झुंज दिली. १९४७ साली त्यांचा जन्म झाला तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, तेव्हाच्या ब्रिटिश गियानात, म्हणजे आजच्या गयानात. ते स्वतः अरावाक. तिथले अरावाक स्वतःला लोकोनो म्हणवतात. सायमन चित्रकार झाले, पुढे पुरातत्त्वज्ञही झाले आणि ही दोन्ही कामं त्यांनी अखेरपर्यंत बरोबरीनं केली.

चित्रकारानं प्राचीन वस्तूंकडून काही घेणं नवं नाही. पिकासोनं पॅरिसच्या संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले, हेन्री मूरला मेक्सिकोच्या चाकमूल मूर्तीनं झपाटलं. दोघांनीही परक्यांच्या वस्तूंमधून स्वतःची कला घडवली, आणि ती थोर आहे यात वाद नाही. सायमन यांचं नातं निराळं. कपाटातली मडकी त्यांच्याच आज्यापणज्यांच्या मुलखातली होती आणि ती मातीतून वर काढायला ते स्वतः खड्ड्यात उतरत होते.

सेंट कथबर्ट्स मिशन हे त्यांचं गाव. लोकोनो लोक त्याला पाकुरी म्हणतात. राजधानी जॉर्जटाउनपासून आत, महायका नदीच्या काठी, पांढऱ्या वाळूच्या पट्ट्यात ते वसलं आहे. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस काळं दिसतं. जंगलातला पालापाचोळा कुजून त्याचा अर्क पाण्यात उतरतो, म्हणून हा रंग. सायमन यांचे वडील लाकूडतोड करत. गावात इते नावाच्या ताडाच्या कोवळ्या पानांचे तंतू काढून टोपल्या, चटया, टोप्या विणतात. तिबिसिरी म्हणून ओळखलं जाणारं हे विणकाम ही गावाची ओळख आहे.

पण लोकोनो कारागिरीचा खरा दिमाख पाहायचा तर स्वयंपाकाच्या जागी जावं. त्यांचं मुख्य अन्न कसावा, म्हणजे ज्या कंदाच्या पिठापासून आपला साबुदाणा बनतो तोच. उपासाच्या खिचडीचा हा कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला, आणि तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी तो शेतात आणला. त्याची कडू जात विषारी असते, तिच्या रसातून प्राणघातक सायनाइड सुटतं. म्हणून कंद सोलून किसतात आणि ओला कीस ‘मतापी’ नावाच्या नळीत भरतात. ही नळी बोरूसारख्या वनस्पतीच्या पट्ट्यांची, तिरकी विणलेली, उंचीला माणसाएवढी. तिचं वरचं टोक तुळईला टांगायचं, खालच्या फासात एक दांडा अडकवायचा आणि त्या दांड्यावर कुणीतरी बसायचं. भार पडला की नळी लांब होते, लांब होता होता अरुंद होते आणि आतला कीस चहूबाजूंनी पिळला जातो. रस खालच्या भांड्यात ठिबकत राहतो. उरलेला कोरडा चोथा चाळून तव्यावर त्याची मोठी भाकरी भाजतात. रसही वाया जात नाही. तो बराच वेळ उकळला की विष उडून जातं आणि काळा, दाट कॅसरीप उरतो. गयानात नाताळला घरोघर शिजणारा ‘पेपरपॉट’ हा मांसाचा रस्सा या कॅसरीपशिवाय होत नाही, मग ते घर आफ्रिकी वंशाचं असो की भारतीय.

खिळा नाही, स्क्रू नाही, धातूचा तुकडा नाही, नुसत्या विणीच्या कोनावर चालणारं हे यंत्र आहे. युरोपी प्रवाशांनी अशा वस्तू कुतूहलाच्या म्हणून जमवल्या आणि नेल्या. वॉल्टर रॉथ या इंग्रज डॉक्टरानं त्या नीट नोंदवल्या. गियानाच्या आदिवासींच्या कथाश्रद्धांवरचा त्याचा ग्रंथ १९१५ साली आणि कलाकारागिरीवरचा १९२४ साली निघाला. त्या दुसऱ्या ग्रंथात टोपल्यांच्या विणी, दोऱ्यांच्या गाठी, बाण, होड्या यांच्या आकृत्या पानोपानी आहेत.

लहानपणीच सायमन यांना एका अँग्लिकन धर्मगुरूंनी आपल्याकडे ठेवून घेतलं. शिक्षण गावाबाहेर झालं आणि १९७० च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. पोर्ट्समथमध्ये त्यांनी ललित कलेची पदवी घेतली, तीही पाश्चात्य कलेचा अभ्यास करून. १९७८ मध्ये ते गयानात परतले आणि कला शिकवू लागले. इथवरची वाट त्या काळातल्या कुठल्याही वसाहतीतल्या हुशार मुलाची. पुढचं वळण मात्र एका माणसामुळे आलं.

तो माणूस डेनिस विल्यम्स. विल्यम्स यांचं चरित्र वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९२३ चा जन्म, पन्नाशीच्या दशकात लंडनमध्ये नाव कमावलेला चित्रकार, कादंबरीकार, मग सुदान आणि नायजेरियात अध्यापन, आफ्रिकी कलेवर संशोधन. साठीच्या दशकाच्या अखेरीस ते मायदेशी परतले, घनदाट अरण्यात जाऊन राहिले आणि तिथे पुरातत्त्वाकडे वळले. १९७४ साली जॉर्जटाउनमध्ये वॉल्टर रॉथ मानववंशशास्त्र संग्रहालय उभं राहिलं ते त्यांच्याच हातून. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सायमन त्यांच्या हाताखाली काम करू लागले. एक चित्रकार दुसऱ्या चित्रकाराला उत्खनन शिकवत होता.

काय शिकले सायमन तिथे? वायव्य गयानातले शिंपल्यांचे प्रचंड ढीग, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे. त्यांतले सर्वांत जुने सुमारे ७००० वर्षांपूर्वीचे. नद्यांच्या धबधब्यांजवळच्या खडकांवर कोरलेल्या आकृत्या. त्यांतल्या काही चौकटीजाळीच्या आकृत्या म्हणजे मासे पकडण्याचे सापळे, असा विल्यम्स यांचा निष्कर्ष होता. दक्षिणेकडे ऐशाल्टन इथल्या खडकांवर माणसं, प्राणी, वनस्पती यांची दाटी आहे. संग्रहालयाच्या निमित्तानं सायमन वाइ-वाइ, वापिशाना, मकुशी अशा दूरदूरच्या जमातींच्या वस्त्यांवर गेले. यांतले वापिशानाही अरावाक भाषाकुळातलेच. हे भाषाकुळ अमेरिका खंडात सर्वांत दूरवर पसरलेल्या कुळांपैकी एक. एकेकाळी बहामापासून पार दक्षिणेला पॅराग्वेच्या आसपासपर्यंत त्याच्या भाषा बोलल्या जात.

या पसाऱ्याचा माग मातीच्या भांड्यांवरून लागतो. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातून निघून इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास बेटांवर पोचलेली ‘सालादोइड’ भांडी तांबड्या अंगावर पांढऱ्या नक्षीची आहेत. काठावर वटवाघूळ, बेडूक, कासव यांची छोटी मुंडकी चिकटवलेली. भांडं फुटलं तरी मुंडकं बहुधा शाबूत राहतं आणि खणणाऱ्याच्या हाती लागतं. बोटाच्या पेराएवढ्या मातीत दोन टिकल्यांचे डोळे आणि एका चिरेचं तोंड, पण प्राणी कोणता हे बहुतेक वेळा पाहताक्षणी कळतं. इतक्या थोडक्यात इतकं सांगणारी शिल्पकला साधायला आजचे कलाविद्यार्थी वर्षं घालवतात.

सायमन यांच्या चित्रांत ही मुंडकी किंवा खडकावरची चिन्हं नकलून ठेवलेली दिसत नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच वाटतं. ते मुख्यतः ॲक्रिलिक रंगांत काम करत. पातळ रंगाचे थर एकावर एक चढत जातात आणि त्यांतून कुठे पक्ष्याची चोच, कुठे स्त्रीचा खांदा, कुठे पाण्याखालचा चेहरा वर येतो. पाहणाऱ्याला तो शोधावा लागतो. खड्ड्यात थर उलगडत जाणाऱ्या माणसाची ही सवय चित्रात उतरली असं म्हटलं तर ते ओढूनताणून होणार नाही.

पाण्याखालचा तो चेहरा बऱ्याचदा ओरियूचा असतो. ओरियू ही लोकोनोंची जलदेवता. तिची एक कथा एकोणिसाव्या शतकात मिशनरी ब्रेट यांनी लिहून ठेवली आणि पुढे रॉथनंही घेतली. दुष्ट शक्तींनी माणसांना आजार आणि मरण यांनी ग्रासलं होतं. अरावानिली नावाचा एक जाणता माणूस दुःखी होऊन नदीकाठी फिरत होता. तेव्हा ओरियू हातात एक फांदी घेऊन पाण्यातून वर आली आणि ती लाव म्हणाली. फांदीचं झाड झालं, त्याला तुंब्यासारखी फळं धरली. मग तिनं नदीच्या तळातले पांढरे खडे आणून दिले, ते पोकळ फळात कसे भरायचे ते दाखवलं. तो पहिला खुळखुळा. तो वाजवून आजार घालवणारा अरावानिली हा पहिला वैद्यपुजारी. लोकोनो वैद्याच्या हातात पुढे शतकानुशतकं हाच खुळखुळा राहिला. संग्रहालयात तो कपाटात ठेवलेला असतो, खाली चिठ्ठीवर साल आणि ठिकाण. ओरियू माहीत असलेल्या चित्रकाराला त्यात नदी दिसते.

इथे आणखी एका गयानी चित्रकाराची आठवण काढायला हवी. ऑब्री विल्यम्स, जन्म १९२६, जॉर्जटाउनचे. तरुणपणी शेतीखात्याच्या नोकरीत त्यांची बदली वायव्येच्या होसोरोरोला झाली आणि तिथे वाराउ आदिवासींच्या सहवासात त्यांना कलेचा खरा अर्थ उमगला, असं ते पुढे सांगत. १९५२ साली ते लंडनला गेले, मोठे अमूर्त चित्रकार झाले आणि १९६५ मध्ये त्यांना चित्रकलेचं राष्ट्रकुल पारितोषिक मिळालं. खडकांवरच्या आदिवासी चिन्हांनी त्यांचे भव्य कॅनव्हास भरलेले आहेत. गयानाच्या विमानतळावरची त्यांची भित्तिचित्रंही त्याच वळणाची. ऑब्री यांनी आदिवासी चिन्हांना आधुनिक चित्रकलेत मानाची जागा मिळवून दिली. ज्या गावांतून ती चिन्हं आली तिथल्या मुलांच्या हातात ब्रश देण्याचं काम मात्र शिल्लक होतं. सायमन यांनी ते केलं.

१९८८ साली त्यांनी आपल्या गावी, पाकुरीत, चित्रकला आणि संकल्पनाची कार्यशाळा घेतली. आलेले तरुण शेती करणारे, लाकूड कापणारे, शिकार करणारे. कलाशाळा कुणी पाहिलेली नव्हती, पण लाकडाची नस ओळखणारा हात प्रत्येकाकडे होता. त्यांतले ऑस्वल्ड हुसेन, सायमन यांचे सावत्र भाऊ, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दृश्यकला स्पर्धेत पहिले आले. जॉर्जटाउनच्या कलावर्तुळाला हा धक्काच होता. हुसेन यांच्या लाकडी शिल्पांत माणूस, पक्षी आणि जलचर एकमेकांत मिसळून जातात. चेहरा कुठे संपतो आणि पंख कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. लायनस क्लेंकियन, रोलंड टेलर अशी आणखी नावं पुढे आली. या मंडळींना आज लोकोनो कलावंत गट म्हणून ओळखतात. जांभळ्या रंगाच्या पर्पलहार्टसारख्या कठीण लाकडात ते काम करतात. हे लाकूड छिन्नीला सहज दाद देत नाही, पण एकदा आकार घेतला की पिढ्या पाहतं.

स्वतःचं शिक्षण सायमन यांनी थांबवलं नाही. चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमधून पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदवी घेऊन आले. ती त्यांनी कुठे वापरली हे समजायला बर्बिस नदीवर जावं लागेल.

बर्बिस हे नाव मराठी क्रिकेटरसिकांना अगदीच परकं नाही. सुनील गावसकरांनी ज्याच्यावरून मुलाचं नाव रोहन ठेवलं तो रोहन कन्हाय बर्बिस भागातल्या पोर्ट मोरांटचा. कन्हायचे पूर्वज भारतातून आलेल्या ऊसमळ्याच्या मजुरांपैकी. १८३८ ते १९१७ या काळात जवळजवळ दोन लाख चाळीस हजार भारतीय करारावर गयानात आणले गेले. मळे किनाऱ्यालगत होते. नदीनं आत गेलं की मळे संपतात, गवताळ पठारं आणि दलदल सुरू होते, आणि त्या दलदलीत मातीचे उंचवटे दिसतात.

हे उंचवटे माणसांनी रचलेले आहेत. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ नील व्हाइटहेड आणि अमेरिकी पुरातत्त्वज्ञ मायकल हेकनबर्गर यांच्या बरोबरीनं सायमन यांनी त्यांचा अभ्यास केला. २०१० मध्ये या तिघांचा बर्बिसकाठच्या लोकोनोंच्या भूतकाळावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी काळी, सुपीक माती सापडली. अशी माती ॲमेझॉनच्या खोऱ्यातही आढळते. राख, कोळसा, हाडं, खरकटं वर्षानुवर्षं मिसळून ती माणसांनी तयार केलेली असते. तिथले पुरावे सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या वस्तीकडे बोट दाखवतात.

याचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. १९५२-५३ मध्ये बेटी मेगर्स आणि क्लिफर्ड इव्हान्स या अमेरिकी दांपत्यानं ब्रिटिश गियानात उत्खनन केलं. त्यांचा अहवाल १९६० साली निघाला आणि कित्येक वर्षं तोच शेवटचा शब्द मानला गेला. उष्ण कटिबंधातली जंगलाची जमीन निकृष्ट, त्यामुळे तिथे मोठा, स्थिर, प्रगत समाज वाढूच शकत नाही, असं मेगर्स यांचं म्हणणं. त्याचा साधा अर्थ असा, की आदिवासी नेहमी थोडेच होते, भटकेच होते, आणि त्यांच्याकडून फार काही अपेक्षा करू नये. बर्बिसच्या काळ्या मातीनं या म्हणण्याला छेद दिला. जमीन निकृष्ट होती, तर लोकांनी ती सुपीक केली. पाणी भरत होतं, तर त्यांनी जमीन उंच केली. हा शोध लावणाऱ्या चमूत त्याच लोकांचा वंशज होता, ही गोष्ट मला त्या कालनिश्चितीइतकीच मोलाची वाटते.

याच सुमारास सायमन भित्तिचित्रांकडे वळले. २००८ मध्ये गयानात कॅरिफेस्टा हा कॅरिबियन कलामहोत्सव भरला, त्यासाठी ‘युनिव्हर्सल वुमन’ रंगवलं गेलं. पाठोपाठ गयाना विद्यापीठात विल्सन हॅरिस या गयानी कादंबरीकाराला मानवंदना देणारं चित्र झालं. हॅरिस यांनी तरुणपणी सर्वेक्षक म्हणून देशाचा आतला भाग पायाखाली घातला होता, आणि त्यांच्या ‘पॅलेस ऑफ द पीकॉक’ या १९६० च्या कादंबरीत एक होडी आदिवासी मुलखातून नदीनं वर वर जाते. दोन्ही भित्तिचित्रं सायमन यांनी फिलबर्ट गजाधर आणि अनिल रॉबर्ट्स यांना सोबत घेऊन काढली. गजाधर हे भारतीय वंशाचे, त्यांच्या आडनावातच ते दिसतं. लोकोनो चित्रकारानं आखलेल्या भिंतीवर गिरमिटिया मजुरांचा वंशज रंग भरतो, असं चित्र गयानाच्या राजकारणात मात्र सहज दिसत नाही. तिथे मतं अजूनही वंशानुसार विभागली जातात आणि लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के असलेले आदिवासी बहुधा निवडणुकीपुरते आठवतात.

२०१२ साली सायमन यांना कला-साहित्यासाठीचा अँथनी सबगा कॅरिबियन पुरस्कार मिळाला. जुलै २०२० मध्ये ते वारले.

प्राचीन वस्तूंचा प्रश्न त्यांच्या मागेही उरला आहे. १७९२ मध्ये जमैकाच्या एका डोंगरी गुहेत सापडलेल्या तीन ताइनो लाकडी मूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि जमैका त्या परत मागत आहे. अरावाक मुलखातली मडकी, दगडी हत्यारं, पिसांचे मुकुट युरोप-अमेरिकेच्या कोठारांत विखुरलेले आहेत. किंग्स्टनच्या किंवा पाकुरीच्या मुलाला ते पाहायचे तर विमानाचं तिकीट आणि व्हिसा लागतो. या वस्तू परत जायला हव्यात.

सायमन यांच्या कामाची प्रतवारी करायची तर चित्रं मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला मान १९८८ च्या कार्यशाळेचा. उत्तम चित्रकार गयानानं याआधीही दिले होते, डेनिस आणि ऑब्री विल्यम्स हे दोघे सायमन यांच्या आधीचे. पण आपल्या गावातल्या लाकूडतोड्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हातांतून शिल्पकारांचा एक अख्खा गट उभा करणारे सायमन गयानात पहिले.